जनाबाईचा ऐन

जनाबाई मीठसुद्धा चाखल्याशिवाय घ्यायची नाही. नवरा गेल्यावर दिरानं रातोरात बांध सरकवला, तेव्हापासूनची ही सवय. म्हातारी संशयी आहे, असं अख्खा पाडा म्हणायचा. म्हणणाऱ्यांचे बांध कुणी सरकवले नव्हते.

डोळखांबकडचं तिचं शेत जंगलाला खेटून, त्यामुळं जंगलखात्यापायी ते कधी हातचं जाईल याची धास्ती कायमची. सत्त्याण्णव साली तापानं तिची राबाची तोड मागं पडली. ऐनाच्या फांद्या तोडून, वाळवून रोपाच्या जागी जाळल्या, म्हणजे राब केला, तरच भाताचं रोप धरतं. होळीनंतर ती कोयता घेऊन गेली, तर तिच्या ऐनाखाली कमळाकर उभा. खर्डीहून मुंबईला नोकरीला जाणारा पुतण्या. सोबत कॅमेरेवाले दोन पाहुणे.

"काकी, यंदा हा ऐन तोडू नको गो. ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलीय."

"आज पक्षी, उद्या झाड, परवा शेत. कुनी पाठवलं रे तुला?"

"कुनी नाय! यांना नुस्तं बघायचाय."

"मोजणीवालापन नुस्तं बघायलाच आलेला."

ती तिथंच दगडावर ठाण मांडून बसली. ढोलीचं तोंड मादीनं आतून लिंपलेलं, मधे बोटभर फट, फटीत चोचीचं टोक. तेवढ्यात लांबच्या उंबरावर नर उतरला. घारीएवढा, राखाडी, लांब शेपटीचं टोक पांढरं, चोचीवर छोटं शिंग, डोळा लाल. चोचीत सरडा. पण पुढं येईना. मान वाकडी करून नुसता बघत राहिला.

"तुझ्या कोयत्याला घाबरतोय, काकी."

तिनं कोयता पदराखाली घेतला. तरी येईना.

"माझा कोयता झाकला. आता तुमची ती कॅमेऱ्याची तिपाई हलवा."

पाहुणे तिपाई उचलून करवंदीच्या जाळीआड गेले. धनेश आला. फटीतून सरडा दिला, मग घशात साठवलेली उंबरं एकेक वर काढून मादीला भरवू लागला.

"लेकाचा घशात भरून आनतो रे!" जनाबाई पुटपुटली. मग कमळाकरकडे वळली. "यंदा वाळल्या पानांच्या पातेऱ्यावर अन् शेणावर भागवीन. पन माझ्या मर्जीनं. हितं कुनी पाटी ठोकली, तर तिचाच राब करीन."

कमळाकर हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज ऐनापाशी जायची. आधी बुंध्यावर कुणी खूण केलीय का ते बघायची, आणि मग वर.