आतले वेढे

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे खरी — पण कुठून सुरू करू?

परभणीच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवायचे. माझा विषय अमोनाइट — शाळिग्रामात जे चक्र दिसतं ना, त्या समुद्री प्राण्याचा दगड झालेला शंख. आपल्याकडच्या काळ्या दगडात ते मिळत नाहीत. मी कच्छातून आणले होते. हा प्राणी वाढताना जुना शंख टाकत नाही, बाहेरून नवा वेढा जोडत जातो. त्यामुळे शंख मधोमध कापला, की त्याचं बालपण आत जसंच्या तसं सापडतं.

माझ्याकडे एक मोठा शंख होता, एक लहान. लहान हे मोठ्याचंच पिल्लू, प्रजाती एकच — असं मी छापून मोकळी झाले होते. थोडंफार नाव झालं, ते त्यावरच.

सुनंदा पूर्णेची. माझ्या हाताखाली पीएचडी करायची. एकदा चाचरत म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण हे दोन येगळेच वाटायलेत मला. मोठा कापून बघू का?"

तसा अख्खा शंख तो एकच. मी म्हटलं, मी कापते. सुट्टीच्या दिवशी एकटीच गेले. एकटीच का? तेव्हाच भीती होती का? होती.

दगड कापायची चकती फिरली आणि आतले वेढे उघडे पडले — रुंद, गुळगुळीत. लहान शंखावर मात्र दाट कंगोरे. मोठ्याचं पिल्लू असं कधी नव्हतंच. सुनंदाचं बरोबर होतं.

मग मी — मी हातोडी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिला चुरा दाखवला. कापताना फुटला, म्हणाले. ती माझ्याकडेच बघत राहिली. "जाऊ द्या मॅडम. तुमालाच किती वाईट वाटायलं असंल." आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तो प्याले.

पुरावा नाही म्हणून तिला तो विषय सोडायला मीच लावलं. नव्या विषयात तिचं मन रमलं नाही. पीएचडी अर्धवट टाकून ती सेलूला शाळेत लागली.

गेल्या हिवाळ्यात ती मुलींची सहल घेऊन कॉलेजात आली. मी निवृत्त झालेली, तरी मला मुद्दाम बोलावून घेतलं. लहान शंख टेबलावर ठेवून मुलींना म्हणाली, "प्रजाती ओळखायची तर तो वाढला कसा, ते बघायचं. हे मला या मॅडमनी शिकवलं."

एका मुलीनं विचारलं, "मग याचं नाव काय?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या शंखाचंच नाव सांगितलं.

"लिहून घ्या गं," सुनंदा म्हणाली.