दिवसपाळीचा वॉचमन

सुट्टीच्या दुपारी जिन्यात मेथीच्या फोडणीचा वास आला की मला सहा वर्षांपूर्वीच्या सक्तीच्या रजेचा पहिला दिवस आठवतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यात मी प्लॅनिंग सांभाळायचे; तिथेच कामांची यादी वाचताना चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसायला सांगितलं. औषधं घेऊन मी बदलापूरला आमच्या इमारतीत शिरले, तर दिवसपाळीच्या वॉचमनकाकांनी अडवलं. "कुणाकडे, मॅडम?" "घरी. चारशे दोन." "तिकडे दिवसा कोण नसतं. त्या मॅडम रात्रीच्या येतात. एन्ट्री करा." मी चावी दाखवली. "चावी काय, कोणाकडे पण असते. शेजारी कोण ओळखतं का तुम्हाला?" चार वर्षं राहूनही मला शेजारच्यांचं नाव आठवेना. पाहुण्यांच्या वहीत सही करून, जिन्यात दरवळणाऱ्या कुणाच्या तरी मेथीच्या फोडणीच्या वासातून वर आले, तोच कारखान्यातून फोन वाजला. तासभर या म्हणणार, हे ठाऊक होतं, म्हणून मी तो उचलला नाही. आता मी संध्याकाळी सहाला कामावरून निघते आणि घरी कामाचे फोन घेत नाही. पण त्या दुपारी तो वाजायचा थांबला, तेव्हा मला फोन करणारं दुसरं कोणीच नाही, हे पहिल्यांदा कळलं.