पुण्याहून परतीची रिकामी गाडी

आमच्या धंद्यात फोन उचलला की माणूस पहिल्यांदा भावच विचारतो. "पुण्याचं काय घेता?" भाव सांगितला की म्हणतो, "जास्त होऊन राहिलं ना वहिनी." मी वाद घालत नाही. विचारते, "कधी जायचं, कोण कोण आहे, काम काय आहे?" भावाच्या मागे खरी गोष्ट दडलेली असते. ती दोन मिनिटांत बाहेर येते, फक्त ऐकणाऱ्याला घाई नसावी लागते.

पांढुर्ण्यात आमच्या तीन गाड्या आहेत, लांबच्या भाड्याच्या. यजमान गाड्या आणि ड्रायव्हर सांभाळतात, फोन माझ्याकडे. यजमानांच्या मते गिऱ्हाइकाला स्वस्त गाडी पाहिजे असते. चूक. मुलगी पाहायला निघालेल्यांना पिवळी पाटी नको असते, कारण पाटी दिसली की गाडी भाड्याची आहे हे समोरच्यांना कळतं. आता पाटी काही मी बदलू शकत नाही, पण ड्रायव्हरला सांगते, गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी कर आणि मंडळींना पायी जाऊ दे. आईला नागपूरच्या दवाखान्यात नेणारा मुलगा एसी आहे का विचारतो, पण त्याला पाहिजे असतो खड्डा पाहून ब्रेक लावणारा माणूस. लग्नाचे लोक सात सांगतात आणि नऊ निघतात. मुलीला पुण्याच्या होस्टेलवर सोडायला जाणारे आईबाप सामानासाठी वर कॅरियर आहे का विचारतात. त्यांना मी कमी बोलणारा ड्रायव्हर देते. येताना ती माय मागच्या सीटवर रडत येणार असते, तिच्यासमोर गाणी लावणारा नको.

हे सगळं मी कुठे शिकले नाही. तरी दोन-चार वर्षांत गावात नाव झालं, की वहिनीला फोन केला तर गाडी बरोबर येते. याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू.

पांढुर्णा छिंदवाड्यातून फुटून वेगळा जिल्हा झाल्यापासून कचेरीच्या कामाची तिकडची भाडी कमी झाली. पुण्याची मात्र वाढली. कोणाचा मुलगा तिकडे, कोणाची सून तिकडे. पुण्याची गोम एकच. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी. बाकीचे गाडीवाले अमरावती-अकोल्याची सवारी शोधून परतीचं भाडं मारतात. मी आधी एकच नंबर लावायची. माझ्या मुलीचा.

तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली. नवराबायको दोघंही पुण्यात नोकरीला. या चार वर्षांत ती घरी दोनदा आली, एकदा कोणाच्या मयतीला, एकदा कोणाच्या लग्नाला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत. माझ्यासाठी म्हणून, माझ्या हातचं खाऊन चार दिवस लोळायला म्हणून ती आलीच नव्हती. आठवण यायची तेव्हा मी काय करायची, तर पुण्याच्या भाड्याची वाट पाहायची.

"परवा गाडी रिकामी येऊन राहिली, येतं का वं?"

"परवा कसं जमन आई?"

"अख्खी गाडी आहे. पाय लांब करून झोपून ये."

"पाहते," म्हणायची. त्या पाहण्याच्या भरवशावर मी परतीची सवारी घेऊ द्यायची नाही. यजमान चिडायचे, "ते येत नाही, काऊन अडवून ठेवतं गाडी?" मी म्हणायची, येईल. गाडी दारात यायची, ड्रायव्हर एकटा उतरायचा, आणि मी उगाचच मागच्या सीटवर नजर टाकायची. असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी असाच फोन लावला. म्हटलं, गाडी रिकामी येऊन राहिली. ती म्हणाली, "आई, तू गिऱ्हाइकासाठी गाडी पाठवतं. मले तू नेहमी गिऱ्हाइकाची उरलेली गाडी देतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "एवढी गाडी रिकामी ठेवून राहिली तुझ्यासाठी, ते दिसत नाही तुले?" आणि फोन ठेवून दिला. आठ दिवस केला नाही. दिवाळी तशीच गेली. मी चिवडा केला आणि शेजारी वाटून टाकला.

आग विझल्यावर मला माझे वडील आठवू लागले. माझं माहेर सौंसर. वडील तिथे शाळेत मास्तर. आमच्यात सणाला लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लेक आपली आपण उठून आली तर लोक विचारतात, का गं, कोणी न्यायला आलं नाही? भाऊ लहान होता म्हणून वडीलच यायचे. सौंसर ते पांढुर्णा अंतर ते किती! मी एकटी बसमध्ये बसून जाऊ शकले असते. तरी ते शाळेतून रजा टाकून, धुतलेला सदरा घालून यायचे, पाणी प्यायचे आणि सासूबाईंना म्हणायचे, "लेकीले न्यायला आलो." ते वाक्य ऐकायला मी दाराआड उभी असायची. मला बसची गरज नव्हती. मला कोणीतरी माझ्यासाठी निघून यायला पाहिजे होतं. गावभराच्या माणसांच्या मनातलं ओळखणारी मी, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार. मुलीला मी कधी मुऱ्हाळी पाठवलाच नव्हता. तिला मी नेहमी सोयीने बोलावत होते.

मार्गशीर्षात लग्नाच्या तिथी दाट होत्या. तिन्ही गाड्यांना मागणी. शनिवारच्या पुण्याच्या भाड्याचा फोन आला, मी गाडी नाही म्हणून सांगितलं. यजमान पेपर टाकून उठले.

"गाडी नाही? ते काय दारात उभी आहे!"

"ते बुक आहे."

"कोनाची?"

"माझी. चला, पोरीले आणायला जाऊन राहिलो आपण."

संध्याकाळी यजमानांनी गाडी स्वतः धुतली.

शनिवारी पहाटे निघालो. वरूड, अमरावती, जालना, नगर. ही नावं मी फोनवर रोज घोकते, पण अमरावतीच्या पुढे मी कधी गेलेच नव्हते. डिक्कीत संत्र्याची पेटी होती. रस्ताभर मी मनात ठरवत होते, तिला पुढे बसवायचं की माझ्याजवळ मागे.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जावई ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होते. तिने दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि पहिलं काय विचारलं?

"कोनाले सोडायला आलते?"

तिची काय चूक. मीच तिला ही सवय लावली होती. म्हटलं, "कोनालेच नाही. तुले न्यायला आलो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली, आणि चहाचं पाणी उकळून आटेपर्यंत बाहेर आली नाही.

जेवताना तिने सांगितलं. सोमवारपासून कामाचा मोठा रेटा होता, महिनाभर कोणालाच रजा नव्हती, आमच्याबरोबर तिला येता येणार नव्हतं. "दोन आठवडे आधी सांगतलं असतं, तर मी घेतली असती रजा. विचारलं काऊन नाही आई, कधी येऊ म्हणून?"

कधी जायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. परक्यांना मी तो दिवसातून वीस वेळा विचारते. पोटच्या पोरीला विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला सोडायला खाली आली. यजमान स्टीअरिंगवर बसले, मी मागे बसले. ती दार लावायला वाकली, आणि लावण्याऐवजी आत येऊन माझ्याजवळ बसली. मी विचारलं, "आता सांग. कधी न्यायला येऊ?" तिने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं, महिने पुढे सरकवत राहिली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बोट कुठल्याच तारखेवर थांबलं नाही. मग मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

"बाबा, गाडी चालू नका करू," ती म्हणाली. "बसा असेच थोडा वेळ."

यजमानांनी किल्ली काढून हातात धरली. मागून कोणीतरी हॉर्न दिला. आम्ही तिघंही हललो नाही.