बाराच्या दोन घंट्या

रिस्कुल-आपानं तिसऱ्यांदा वाकून बघितलं. नदीत गाडलेल्या लोखंडी पट्टीवर आकडे होते, काल पाणी एक्केचाळीसवर होतं, आज सव्वीसवर. ती खाली बसली, थांबली, परत बघितलं. पंचवीस.

चार दिवस नुसती आग ओतत होती वरून. अशा उन्हात डोंगरावरचा बर्फ वितळतो, पाणी चढायला पाहिजे. आणि हे उतरत होतं. आवाज पण नव्हता. एरवी त्या जागी नदी इतकी गरजते की दोन माणसांना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. त्या दिवशी वरच्या मेंढ्यांचं बेंबाटणं स्पष्ट ऐकू येत होतं.

पट्टीच्या बाजूलाच खांबावर पांढरी पेटी होती. दोन देशांनी मिळून बसवलेली, तीन वर्षं झाली तिला. पाणी किती आहे ते ती आपलं आपण मोजते, इकडच्या राजधानीला कळवते, तिकडच्या राजधानीला कळवते, आणि पाणी वाढलं की खाली सरहद्दीपलीकडं ओरिकझोर गावात भोंगा वाजतो. त्या पेटीवर हिरवा दिवा लागलेला होता. पेटीची काय चूक, वाढलं तर ओरडायचं एवढंच तिला शिकवलेलं. कमी झालं तर तिच्या हिशेबानं आनंदच.

"कोचकोर!" आपानं हाक मारली.

कोचकोर म्हातारा मेंढपाळ, वरच्या कुरणात होता गाढवाला घेऊन. आला रमतगमत.

"काय गं, पाणी मोजायला पण आता माणूस लागतो का जोडीला?"

"ऐक जरा."

तो उभा राहिला. म्हणला, "काही ऐकू येत नाही."

"तेच म्हणते मी."

कोचकोरचं तोंड उतरलं. तो पण ह्याच नदीवर म्हातारा झालेला. वर कुठंतरी दरड पडून पाणी अडलं असणार. अडलेलं पाणी साठतं, साठत राहतं, आणि मग एकदम सगळं घेऊन येतं, दगड, चिखल, झाडं.

"किती वेळ?" तो म्हणला.

"अल्लाला माहीत. वाजले किती?"

"अकरा वाजून दहा."

  तेव्हा आपाला सायकाल आठवली.

सायकाल तिची सून. मुलगा रशियात कामाला, घरात ह्या दोघीच. आणि फोन घरी होता, सायकालजवळ. वर डोंगरात रेंज नाही, आमच्या कुंगोय गावात पण नाही, फक्त आपाच्या घराच्या धाब्यावर शिडी लावून चढलं तर मिळते. तिथून रोज दुपारी बाराला खाली ओरिकझोरच्या सोतवोल्दी-अकाला, म्हणजे सोतवोल्दीदादाला, दोन घंट्या द्यायच्या आणि कट करायचा. त्यानं उचलायचा नाही. दोन घंट्या म्हणजे पाणी ठीक आहे. घंटी नाही आली तर अर्धा तास वाट बघून सगळं गाव डोंगरावर चढतं.

आणि हे दिवस जर्दाळूचे. ओरिकझोरच्या बायका जर्दाळू फोडून नदीच्या पात्रात तापलेल्या दगडांवर वाळत घालतात. सकाळी कुणी पात्रात उतरत नाही. बाराच्या दोन घंट्या आल्या की मग बायका, पोरं, लेकीबाळी सगळ्या उतरतात जर्दाळू उलटायला. साठ-सत्तर जणी तरी. दुपारभर तिथंच असतात, पोरं पाण्यात डुंबत.

आपा घरी नसेल तर घंट्या सायकालनं द्यायच्या, हे ठरलेलं. आणि गेल्याच आठवड्यात सायकाल विसरली होती. पाव भाजत बसली तंदूरवर. चारशे माणसं भर उन्हात डोंगरावर जाऊन बसली, खाली दगडांवर जर्दाळू कोळसा झाले. आपानं तिला असं फैलावर घेतलं की शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. "तुझा एक पाव आणि त्यांचं वर्षाचं खाणं," म्हणली. सायकाल दोन दिवस जेवली नाही नीट.

म्हणजे आज ती एक मिनिट चुकायची नाही. आपाला हे पक्कं माहीत होतं. उलट पाच मिनिटं आधीच धाब्यावर जाऊन उभी राहील, सासूनं नाव ठेवू नये म्हणून.

"गाढव दे," आपा म्हणली.

"उतारावर? ते उतारावर माझ्या मेहुण्यासारखं चालतं, दर दहा पावलांना विचार करतं."

"मग राहू दे. तू वरच्या झोपड्यांतली माणसं हलव."

"आपा, तुझ्या छातीचं काय? डॉक्टरनं चढ-उतार बंद सांगितलाय."

"चढ बंद सांगितलाय," ती म्हणली, आणि निघाली.

पट्टीपासून घरापर्यंत तिला एरवी सव्वा तास लागायचा. वय त्रेसष्ट. हातात पन्नास मिनिटं होती.

तिनं ही नदी बत्तीस वर्षं मोजली. आधी तिचा सासरा मोजायचा, मग नवरा तोक्तोसून, आणि तो दारूपायी नोकरीवरून गेला तेव्हा ती. आकडे लिहायच्या वहीपुरतं लिहितावाचता यायचं. पेटी बसली तेव्हा वरून पत्र आलं, आता माणसाची गरज नाही, धन्यवाद. तिनं पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत वर गेली. पेटी बसायच्या आधी एकदा तिला शहरात बैठकीला पण नेलं होतं. चार-पाच देशांची माणसं, कानात यंत्रं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. कुणी म्हणलं, मावशी, तुम्हाला काही सांगायचंय का. ती उठून म्हणली, "आमचं पाणी माझ्या नवऱ्यासारखं आहे. तो ओरडायचा तोवर भीती नव्हती. गप्प झाला की मी पोरं घेऊन शेजारी जायची." सगळे खूप हसले. तिला वाटलं, समजलं त्यांना. मग जेवायची सुट्टी झाली.

आणि हे ती उगीच म्हणली नव्हती. तिच्या तरुणपणी एकदा असंच पाणी उतरलं होतं. तिनं बघितलं, तालुक्याला कळवलं. तालुक्यानं राजधानीला कळवलं, राजधानीनं पलीकडच्या राजधानीला, तिथून परत खाली एक एक पायरी. निरोप ओरिकझोरला संध्याकाळी पोचला. लोंढा दुपारीच येऊन गेला होता. नऊ माणसं गेली. त्यात सोतवोल्दीची बायको होती, जर्दाळू उलटायला गेलेली.

रिस्कुल तेव्हा चौकीवरच्या शिपायाच्या हातापाया पडून पलीकडं गेली होती, मयताला. सोतवोल्दी गावचा पाटकरी, पाणी वाटून द्यायचं काम त्याचं. तो दारात बसलेला. त्यानं एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ती म्हणली, "सकाळपासून."

 त्यानं तिला आत नेऊन बसवलं, चहा दिला. पुढं हातात फोन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं कुणाकडून तरी नंबर पाठवला. तेव्हापासून ह्या दोन घंट्या. सतरा वर्षं. बोलणं असं कधीच नाही, उचलला तर पैसे पडतात. पण सतरा वर्षं रोज बाराला ती त्याला सांगायची, ठीक आहे.

मधल्या वळणावर आपा पडली. गुडघा फुटला. तिथं मेंढ्यांमागं असलेल्या एका बाईनं बघितलं तिला, नंतर सांगितलं तिनं, म्हणली मी हाक मारली, पाणी प्या म्हणलं, तर हात नुसता हलवला आणि पुढं गेली, हात छातीवर दाबून. ओठ काळेनिळे झालेले.

घरामागं एक टेकाड आहे. तिथं पोचली तेव्हा खाली धाबं दिसलं. आणि धाब्यावर सायकाल. फोन हातात, डोळ्यांपुढं धरलेला, घड्याळ बघत उभी. शहाण्या सुनेसारखी.

आपानं ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघेना. श्वासच नव्हता आत.

सायकालनं अंगठा टेकवला. फोन कानाला लावला.

आपानं डोक्यावरचा पांढरा रुमाल ओढून काढला आणि दोन्ही हातांनी वर धरून हलवला.

आमच्यात बाई उघड्यावर डोकं उघडं करत नाही. म्हातारी तर नाहीच. मयत झालं घरात तरच केस सुटतात. सायकाल बारा वर्षं त्या घरात होती, तिनं सासूचे केस कधी बघितले नव्हते. तिला बाजूला काहीतरी पांढरं हललेलं दिसलं म्हणून मान वळवली, तर टेकाडावर एक बाई, पांढरे मोकळे केस, आणि ती बाई तिची सासू. कानात एक घंटी वाजून गेली होती. सायकालचा अंगठा आपोआप खाली आला. कट.

एक घंटी गेली. एका घंटीचा अर्थ कधी ठरलाच नव्हता.

शिडीवरून उडीच मारली तिनं. टेकाडाच्या निम्म्यावर गाठलं सासूला. आपा एका दगडाला टेकून बसलेली.

"दुसरी दिली?"

"नाही. एकच. आई, काय झालं, कोण गेलं?"

"कुणी नाही अजून. वर जा. बोल त्याच्याशी. पाणी आटलंय म्हण."

"ते उचलत नाहीत की."

"उचलेपर्यंत कर. जा."

सायकाल परत धाब्यावर. फोन लावला. एक घंटी, दोन. तिच्या मनात आलं, ह्या दोन घंट्या ऐकून बायका उतरल्या तर? तीन. चार. तिकडं सोतवोल्दी-अका ओट्यावर फोन समोर ठेवून बसलेला, त्याच्या फाटकाशी बायका टोपल्या घेऊन उभ्या. आधी एक घंटी येऊन बंद पडली. मग दोन आल्या, तशा चौघीजणी निघाल्या पण. तिसरी वाजली तसा त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. सतरा वर्षांत तिसरी घंटी कधी वाजली नव्हती. सातवीला त्यानं उचलला.

"आपा?"

आमच्याकडं फोनवर आधी सलाम, मग तुम्ही कसे, पोरं कशी, गुरं कशी, मग वाईट असेल ते, ते पण आडून आडून. सायकालनं ह्यातलं काही केलं नाही.

"अका, सून बोलते. पाणी आटलंय. पात्रातून सगळ्यांना काढा, डोंगरावर न्या, आत्ता."

तिकडून सलाम नाही, प्रश्न नाही. फोन बंद झाला.

ती पळत सासूकडं आली.

"उचलला?"

"उचलला."

"काय म्हणला?"

"काहीच नाही. ठेवून दिला."

"मग ऐकलं त्यानं," आपा म्हणली. डोळे मिटून घेतले. मग म्हणली, "गेल्या आठवड्यात फार बोलले तुला."

"असू दे आई. चूक माझी होती."

"चूक तुझीच होती. पण फार बोलले." मग म्हणली, "डोकं बांध माझं. कुणी बघेल."

सायकालनं केस गोळा केले, रुमाल बांधला, मागं गाठ मारली. गाठ मारतानाच जमीन थरथरली. वरच्या खिंडीतून एक काळी भिंत आली, धुराळा पुढं आणि आवाज मागं, घराएवढे दगड चेंडूसारखे. कुंगोयची घरं उंचावर, तिथं काही नाही झालं, फक्त पूल आणि खालचं गवत गेलं. बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. सायकाल बघत राहिली, आणि सासूला सांगायला वळली, "आई, आलं बघा." आपा दगडाला टेकून तशीच बसलेली होती. तिनं ते बघितलं का नाही, कुणाला माहीत नाही.

ओरिकझोरला भोंगा वाजला, पण लोंढा पेटीपाशी पोचल्यावर. तोवर सगळी माणसं वर होती. वाळत घातलेले जर्दाळू गेले, सात घरं गेली, माणूस एक पण गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुरुषांनी दारात हात पसरून मयतासाठी दुवा मागितली, हात तोंडावरून फिरवले, आणि आपाला पुरायला नेलं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. दारात तंबू उभारला होता, त्यात सायकाल आणि इतर बायका कनातीकडं तोंड करून, कमरेवर हात ठेवून शोकाची गाणी म्हणत होत्या. सुनेनं मध्येच उठायचं नसतं. फोन पेटाऱ्यात, कपड्यांखाली. कुणाला कशाची आठवण असणार.

तेवढ्यात कोचकोर तंबूच्या दाराशी आला, कबरस्तानातून धापा टाकत. गळ्यात मेंढ्या हुडकायची दुर्बीण. बायका गप्प झाल्या. पुरुषानं असं दाराशी यायचं नसतं.

"सायकाल," तो हळूच म्हणला, "खालचं गाव डोंगरावर चढतंय."

ती उठली. मयताला आलेली चुलत जाऊबाई म्हणली, "अगं, बस खाली, लोक काय म्हणतील." ती गेलीच. पेटारा उघडला, फोन घेतला, काळ्या कपड्यांतच शिडी चढली. बारा वाजून चौतीस. कोचकोर मागोमाग.

तिनं नंबर लावला. एक घंटी. दोन. कट केला.

आपा गेल्याचं सोतवोल्दीला कुणी कळवलं नव्हतं. पूल नव्हता, चौकीचा रस्ता वाहून गेलेला, आणि असली बातमी कुणी फोनवर सांगत नाही.

"काय करतात?" तिनं विचारलं.

कोचकोरनं दुर्बीण लावली. "थांबलेत." बराच वेळ गेला. "उतरायला लागले. बायका पुढं. टोपल्या आहेत हातात."

"सगळे?"

"एक जण बसलाय. म्हातारा दिसतो."

"काय करतोय?"

 कोचकोरनं दुर्बीण पुसली, परत लावली.

"हात पसरलेत पुढं," तो म्हणला. "आता तोंडावरून फिरवले."