बैलाच्या गळ्यातली घडी

आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) आंबा माझा आहे. हे मला ठाऊक आहे, आंब्याला ठाऊक आहे. फक्त माझ्या धाकट्या भावाला ठाऊक नाही!

यंदा त्या झाडाला असा मोहर आला, की दोघा भावांचं बोलणंच बंद झालं. तेवढ्यात नेरहून लेक आली अन् तिनं मला हातात बांधायची नवी घडी, म्हणजे घड्याळ, दिली. आपण चाललो ती वाट ही घडी म्हणे उपग्रहाला विचारून नकाशावर काढते! मी थेट भावाच्या दारात गेलो.

"उद्या माही घडी धुरा मोजते. थे सांगन थे खरं. कबूल?"

"कबूल, दादा. पण मंग मांगं फिरू नको!"

सकाळी घडी बांधून धुऱ्यानं चक्कर मारली. नकाशावरच्या रेघेनं झाड माझ्या बाजूला टाकलं. आंबा माझा! खात्रीसाठी (हावरेपणानं म्हणा) पुन्हा फिरलो, तर आंबा भावाचा! तिसऱ्यांदा आंबा नाल्यात!

"बाबा, घडी स्वस्तातली हाय," लेक म्हणाली. "झाडाखाली तिले उपग्रह नीट सापडत नाही. चार पावलं इकडंतिकडं दाखवतेच."

"घडी नाही चुकत! माहे गुडघेच वाकडे पडून राह्यले."

मग डोकं चाललं. आमचा चांद्या बैल जन्मभर या धुऱ्याशी औत वळवत आला. डोळे बांधले तरी पाय पलीकडं टाकणार नाही. घडी त्याच्या गळ्यात बांधली, कासरा सोडला अन् आंब्याखाली जरा टेकलो. (घोरलो!)

बायकोनं गदागदा हलवलं. "अहो, उठा! भाऊजी आले, संगं अर्धं गाव हाय!"

लेकीनं मोबाइलवर नकाशा उघडला. वाट धुऱ्यानं नीट आली, आंबा माझ्या बाजूला ठेवून वळसा घातला अन् सरळ भावाच्या हरबऱ्यात शिरली. पुढं नुसत्या गोल गोल रेघा!

"दादा, तुहा धुरा माह्या हरबऱ्यात कायले गेलता?"

"घडी... जराशी चुकत असन."

"आता चुकते? काल तं देव होती!"

लोक फिदीफिदी हसले. शेजारी चांद्या, तोंडाला हिरवा फेस! घडी खोटी म्हणावी तर आंबा गेला, खरी म्हणावी तर हरबरा भरून द्या. पण शब्द तो शब्द! हरबऱ्याच्या बदल्यात आंबा सोडला, घडी चुकते असं काही पुन्हा म्हटलं नाही.

आता गावात कुठंही धुऱ्यावरून जुंपली, की लोक आधी माझ्याच दारात येतात. मोजणीला बैल सोडून नेतात अन् मला म्हणतात, "आबा, तुम्ही झोपा!"