आबांचा ऑफसाइड

आबा गेल्याची बातमी सोनगीरहून फोनवर आली. धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास चालू होता. सोनगीरच्या शाळेच्या फुटबॉल सामन्याला आबा, म्हणजे माझे सासरे, पाहुणे म्हणून गेले होते. मध्यंतरात पाणी प्यायले, खुर्चीत जरा मागे टेकले आणि… तेवढंच. "दुसरा हाफ सुरू झाल्यावर आमच्या लक्षात आलं," फोनवरचे शिक्षक रडत म्हणाले. मला त्यांचीच समजूत घालावी लागली.

आबा धुळ्यात खेळाचे शिक्षक होते. जिल्ह्यातले सामने असले की रेफरी तेच. मी लग्न होऊन आले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. पुढे मी घरात क्लास काढायचं म्हटलं तेव्हा समोरची खोली त्यांनीच मोकळी करून दिली, पण त्या यंत्रांकडे ते फिरकत नसत. मग एका दिवाळीला पुण्याहून माझा दीर विलास फुटबॉलचा गेम घेऊन आला. त्याचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलंच नाही; तो 'आबांचा गेम' झाला. हिरवं मैदान तिरकं दिसायचं आणि त्यावर बोटाएवढी माणसं धावायची. फाउल करणारा खेळाडू कार्ड दाखवायला आलेल्या रेफरीला चुकवून पळत सुटला, तेव्हा आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मला सांगा, असं कुणी पळायला हवं होतं माझ्यापासून!"

त्यानंतर दरवर्षी विलास नवा गेम आणायचा आणि आबा लहान मुलासारखी वाट बघायचे. एका वर्षी संघांना खरी नावं आली. मग माणसं चपटी राहिली नाहीत, त्यांना अंग आलं, कॅमेरा मैदानाभोवती फिरू लागला आणि आतून कुणीतरी साहेब इंग्रजीत सामन्याचं वर्णन करू लागला. आबांना सगळ्याचं कौतुक. एका गोष्टीवर मात्र ते दरवर्षी भडकायचे. पलीकडच्या गोलकीपरपाशी आपला एखादा खेळाडू नुसता पुढे सापडला, तरी हा गेम त्याला ऑफसाइड ठरवायचा. मग बॉल त्याच्याकडे आलेला नसो, अगदी मागे दिलेला असो. "बॉल मागे दिधा ना भाऊ! त्याचा काय संबंध?" अहिराणी तोंडात आली, 'आहे'चं 'शे' झालं की समजावं, आबा खरंच चिडलेत. "भलता रेफरी शे हाऊ! नुसतं उभं राहण्याची शिक्षा देतो?" खेळ तो खेळ, त्यावर इतकं काय तापायचं, असं मला वाटायचं.

मग ते वर्ष आलं. विलास नवी सीडी लावून खेळत होता, आबा त्याच्या पाठीशी उभे. विलासचा एक खेळाडू डावीकडे कुठेतरी लांब, सगळ्यांच्या पुढे उभा होता. मागून दुसराच खेळाडू बॉल घेऊन आला. आबा शिट्टीची वाट बघत पुढे वाकले. शिट्टी वाजली नाही. गोल झाला! विलास ओरडला, "आबा, सुधारलं बघा यांनी!" आबा आत जाऊन झोपाळ्यावर बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, अस्साच गोल होता. जळगावची फायनल. मी नाकारला."

नशिराबादचे नाना आणि आबा कॉलेजात एका खोलीत राहिलेले. त्या फायनलला गावच्या संघातून खेळताना नाना असेच डावीकडे एकटे पुढे राहिले होते, बॉलशी संबंध नसताना. गोल दुसऱ्याने मारला, आणि आबांनी शिट्टी फुंकली. संघ हरला. गावाने रेफरीला दोष दिला नाही, नानांना दिला. हा तिथे उभा नसता तर आपण जिंकलो असतो, म्हणाले. नानांनी खेळणं सोडलं, आबांशी बोलणंही. "आपण चुकलो, हे घरी येईपर्यंतच कळलं होतं मला," आबा म्हणाले. "पण रेफरीने माघार घ्यायची नसते, असं वाटायचं…"

पुढच्या रविवारी ते मला घेऊन नशिराबादला गेले. नाना ओट्यावर तूर निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. आबा ओट्याखालीच उभे राहिले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली तरी आवाज खाली आणला नाही. "नाना, तुना काई गुन्हा नव्हता. मी चुकनू."

नानांचा हात सुपात तसाच राहिला. मग ते म्हणाले, "इतला वरीस लागनात तुले?" आणि सूप बाजूला सरकवून त्यांनी आबांना बसायला जागा केली. परतीच्या एसटीत आबा खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले. इतकं निवांत झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नंतर नाना अधूनमधून देवपूरला येऊ लागले. कळा दाबणं दोघांनाही जमायचं नाही. मग दोन्ही संघ कॉम्प्युटरवरच सोडायचे आणि शेजारी बसून नुसतं बघायचं, वाद घालायचा.

गेल्या रविवारी नाना आले. आबा गेल्यावर पहिल्यांदाच. फोटोला हार घातला, पाणी प्यायले आणि समोरच्या खोलीत जाऊन बसले. मी न विचारता गेम लावून दिला. ते बाकाच्या एका टोकाला बसले होते, उरलेला बाक मोकळा ठेवून. पडद्यावर सामना सुरू झाला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली, ऑफसाइडचा झेंडा वर गेला. नाना पुढे झुकले, नीट पाहिलं आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान वळवून म्हणाले, "बरोबर शे."