दात घासायची मिश्री

माझी बायको ठेच्यासाठी मिरच्या भाजायला लागली, की खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे पहारेकरी खोकत, धूर कुठला म्हणून आधी आमच्या क्वार्टरच्या खिडकीकडे बघत. एवढा जहाल ठेचा! तीच बाई एक दिवस ठेचा बाजूला सारून दूधभात कालवू लागली, तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"गालाला आतून झोंबतंय," एवढंच म्हणाली. बॅटरी मारून पाहिलं, तर गालाच्या आत पांढरा चट्टा, मधोमध लालसर.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?"

मी छाती पुढे काढली. "छे! हिच्या सात पिढ्यांत तंबाखूच्या शेताला कुणी वळसासुद्धा घातलेला नाही."

त्यांनी एक टोकदार दात कानसला, मलम दिलं. महिना उलटला तरी चट्टा जागचा हलेना. माझी बडबड वाढली, तिची आटली.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखवू."

"अवो, एकानं काय न्हाई म्हणून सांगितलंय. दुसरा न्हाई ते सांगंल."

"म्हणून तर जायचं."

नारायण पेठेतल्या डॉक्टरीणबाईंपुढे मी पुन्हा सात पिढ्या काढल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तोंड यांचं आहे ना? मग यांनाच बोलू द्या. ताई, सकाळी दात कशानं घासता?"

"मिश्रीनं. ल्हानपणापासनं."

"ती कशाची करता?"

"तंबाखू तव्यावर काळी होईस्तवर भाजायची न् कुटायची. पण म्या खात न्हाई हां! नुसती घासती, मग घटकाभर तोंडात ऱ्हाती."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मीही नाही. तव्यावरच्या त्या खकाण्यानं आयुष्यभर शिंकलो, पण आमच्या घरात तंबाखू म्हणजे पुरुषांनी चुना लावून मळायची ती. मिश्री बिचारी दंतमंजन.

"तुकडा काढून तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. "आजच."

रिपोर्ट येईपर्यंत बुधवार पेठेतल्या गणपतीला मी इतके मोदक कबूल केले, की ते खाऊन देवालाच दातांचा दवाखाना गाठावा लागला असता. ती मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहायची.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पेशी बिघडायला लागल्यात. मिश्री आजपासून बंद. आणि सांगेन तेव्हा दाखवायला यायचं. 'आता बरं वाटतंय' ही सबब इथे चालत नाही."

रस्त्यावर आलो. "अवो, हात सोडा की, लोकं बघत्यात."

"बघू देत."

मिश्रीचा डबा तिनं स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला. आता सकाळी मोरीपाशी आम्ही दोघं ब्रश घेऊन उभे असतो. टूथपेस्ट तिला श्रीखंडासारखी गुळमट लागते, म्हणून ती पेस्टच्या कंपनीचा सात पिढ्यांसकट उद्धार करते. चूळ भरून झाली, की मी बॅटरी काढतो.

"आ कर."

"रोज काय बघताय? सोन्याची खाण हाय का आत?"

"हाय," मी म्हणतो.